सरळ

हे पदक आरमारात आजवर तिघांनाच मिळालं होतं. दोघांना मेल्यानंतर. तिसरा जिवंत होता आणि पदक छातीवर लावून सभागृहात पहिल्या रांगेत बसला होता. शेजारी बायको होती. ज्या लढाईसाठी ते मिळालं, त्या लढाईत तो जहाजाच्या सुकाणूवर होता.

त्याच लढाईत बायकोचा धाकटा भाऊ गेला होता, दुसऱ्या जहाजावर. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. आरमारात जायला ती नको म्हणत होती, तेव्हा नवराच म्हणाला होता, "मी आहे ना!" लढाईहून परतल्यावर त्याने सांगितलं, "झोपेतच गेला. काही कळलंही नसेल त्याला." एवढ्या एका वाक्यावर तिने सगळं आयुष्य काढलं.

सत्काराचं बोलायला त्याच्या जहाजाचा म्हातारा कप्तान उठला. आवाज अजून खणखणीत होता.

"शेजारचं जहाज बुडालं. आपलीच पोरं पाण्यात होती. आम्ही दिसलो तशी हात हलवायला लागली, त्यांना वाटलं घ्यायला आलो. पण शत्रूची पाणबुडी नेमकी त्यांच्याखाली दडलेली. मी म्हणालो, सरळ! त्यांच्यातून जहाज नेलं आणि मागे बाँब सोडले. पाणबुडी फुटली. या गड्याचा हात तसूभर हलला नाही. एकजण तर 'दाजी, दाजी' म्हणून ओरडत होता. नंतर विचारलं, कोण रे तो? म्हणाला, माझा मेहुणा, साहेब. याला म्हणतात काळीज!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोनेही टाळ्या वाजवल्या. सगळे थांबल्यावरही ती वाजवत होती.

घरी आल्यावर तो म्हणाला, "हुकूम होता गं. वळवलं असतं तर आम्हीही बुडालो असतो."

"मी कुठे काय म्हटलं?" ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. ती त्याला आंघोळ घालायची, कोट चढवायची, पदक लावायची आणि खुर्चीत बसवायची. "अहो, सांगा ना लढाईचं." तो पाणबुडीपासून सुरुवात करायचा. ती चहा ओतता ओतता टोकायची, "हात हलवत होते, ते राहिलं." मग, "हाक राहिली." पाहुणे अर्धा कप टाकून उठायचे. हळूहळू येणंच बंद झालं. मग रोज जेवण झाल्यावर तीच समोर बसायला लागली.

"सांगा."

"घसा कोरडा पडलाय. पाणी दे."

"आधी सांगा."

मुलगी माहेरपणाला आली. दोन दिवस हे पाहून तिला रडू फुटलं. "आई, पुरे कर गं. मरतील ते."

"तुला मामा ठाऊक नाही," आई शांतपणे म्हणाली. "तू जन्मायच्या आधीच गेला. ऐक, कसा गेला ते."

मुलीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. वडिलांना बरोबर नेते म्हणाली, पण तेच खुर्चीतून उठेनात.

हिवाळ्यात त्याचा आवाज गेला. डॉक्टरांनी घसा तपासला, म्हणाले, घशात काही दोष नाही. आता कोट चढवून झाला की तीच सांगते, पहिल्यापासून, काही न गाळता. तो समोर बसून ऐकतो.