साताऱ्याचा कोट, बिशानची कात्री

मी एक रिसेप्शनचा कोट बोलतोय. आवाज जरा दबका येईल, कारण सध्या मी एका कापडी पिशवीत आहे, पिशवी चैत्रालीच्या मांडीवर आहे आणि चैत्राली एमआरटीत, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोत, बसली आहे. कुठे चाललोय ते ओघात कळेलच.

आमच्या जमातीचं आयुष्य अडीच तासांचं असतं. त्यासाठी मापाच्या तीन फेऱ्या होतात. मग एका संध्याकाळी आम्ही स्टेजवर उभे राहतो, चारशे लोक आमच्या बाहीला हात लावून जेवायला जातात आणि दुसऱ्या दिवशी आमच्यावर प्लास्टिकचं कव्हर चढतं. खिशात डांबरगोळी. पुढे मालकाचं पोट वाढतं, आमचं वाढत नाही आणि संबंध तिथेच संपतो.

माझा जन्म साताऱ्याचा, अत्तार मास्तरांच्या दुकानातला. जावयाला कोट मुलीकडच्यांनी शिवायचा, या रिवाजाप्रमाणे चैत्रालीचे बाबा मुकुलला घेऊन आले आणि त्याच्यादेखत म्हणाले, "मास्तर, आत माया भरपूर सोडा. सिंगापूरला असतात. खाणंपिणं चांगलं असणार." मास्तरांनी पाठीच्या शिवणीत तीन बोटं कापड दुमडून ठेवलं आणि आतल्या खिशावर आपलं लेबल लावलं: अत्तार टेलर्स, सातारा.

तसा मी कुळानं इंग्रज. माझी कॉलर, माझी बटणं, सगळं तिकडचं. माझ्या पाठीला खालून चीर आहे, ती म्हणे घोड्यावर नीट बसता यावं म्हणून. मुकुल घोड्यावर एकदाच बसला, वरातीत, आणि तेव्हा अंगात शेरवानी होती. पण चीर हवीच. का, ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. ते विचारणं मला सभ्यपणाचं वाटलं नाही.

लग्नानंतर मी सिंगापूरला, बिशान भागातल्या फ्लॅटच्या कपाटात आलो. माझ्या शेजारच्या खणात चैत्रालीची निळी फाइल होती. पुण्याच्या फॅशन डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी तिनं केलेला प्रकल्प: पंक आणि ब्रिटिश फॅशन. चार महिने ती फाइल कुणी उघडली नाही.

सासूबाई पुण्याहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करत. सुनेची चौकशी झाली की माझी व्हायची. "तिकडे हवा दमट. कोटाला बुरशी नाही ना लागली? डिसेंबरात सारंगच्या लग्नात घालायचाय." सारंग हा मुकुलचा मावसभाऊ. मावशीकडच्यांना माझं कापड बघायचं होतं.

चैत्राली कमी बोलते. ऐकते मात्र सगळं आणि तोंडाच्या एका कोपऱ्यात हसते. नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका वर्कशॉपला माणूस हवं होतं. अट एकच: स्वतः केलेला एक नग आणायचा, त्यावर करणाऱ्याचं नाव हवं. निवड झाली तर कामाचा पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, तेच काढणार होते. तिनं मुकुलला तसं सांगितलं. मुकुल म्हणाला, "बघू."

आठवड्यानं पुन्हा सांगितलं. "बघू म्हटलं ना." मुकुल माणूस वाईट नाही. नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं, हो म्हणणं त्याहून जास्त.

मग कंपनीचं परिपत्रक आलं. इथल्या कंपन्या वर्षातून एकदा 'डिनर अँड डान्स' करतात, म्हणजे माणसांना जेवू घालतात आणि त्या बदल्यात सोंगं काढायला लावतात. यंदाचा विषय होता लंडन पंक. मुकुलनं जेवणाच्या टेबलावर परिपत्रक वाचून दाखवलं.

"बंडखोर व्हा. बंडखोरीसाठी नावनोंदणी शुक्रवारपर्यंत. फाटके कपडे चालतील, मात्र फाट गुडघ्याच्या खाली असावी. केस रंगवल्यास रंग सोमवारच्या आत निघणारा असावा. अणकुचीदार वस्तूंची टोकं झाकलेली असावीत. कंपनी, सरकार किंवा धर्माविषयी मजकूर नको. वेशाचा फोटो मंजुरीसाठी एचआरकडे पाठवावा."

चैत्राली हसली. या घरात प्रथमच आवाज होईल इतकी हसली.

"हसतेस काय? वेशाला बक्षीस आहे, चारुदत्त सर परीक्षक आहेत." चारुदत्त सर म्हणजे मुकुलचे साहेब. "पंक म्हणजे नक्की काय करायचं असतं?"

"पन्नास वर्षांपूर्वी लंडनच्या पोरांना काम मिळत नव्हतं," चैत्राली म्हणाली. "त्यांनी शाळेचा ब्लेझर, बापाचा कोट, हाताला लागेल ते फाडलं, पिनांनी जोडलं आणि तसेच रस्त्यावर हिंडले. लोक घाबरले. मग डिझायनरांनी तेच रॅम्पवर नेलं. उलट्या शिवणी, पिना, चौकडीचं कापड. तिकडचे कपडे त्यानंतर पहिल्यासारखे राहिलेच नाहीत. आता त्या पोरांचे फाटके शर्ट म्युझियममध्ये काचेत आहेत."

"म्हणजे शेवटी सेटल झाले," मुकुल म्हणाला आणि समाधानानं आमटी ओरपली.

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लेदर जॅकेटची लिंक टाकली होती. मुकुलनं उघडली तेव्हा एकोणचाळीस जणांनी तेच जॅकेट मागवलं होतं आणि त्याच्या मापाचं संपलं होतं. आपण एकटेच वेगळे दिसणार या विचारानं तो अस्वस्थ झाला. शेवटी कपाटातून मला काढून घालून बघितलं. माझं बटण आणि माझं काज यांच्यात वीतभर अंतर पडलं.

चैत्राली दारात उभी होती. "कोट कापू?"

मुकुल तोवर लॅपटॉपशी जाऊन बसला होता. "बघू," तो म्हणाला.

चार महिने तिनं या शब्दाचा अर्थ नाही असा घेतला होता. त्या दिवशी तिनं हो असा घेतला.

गुरुवारी दुपारी मला टेबलावर पालथं घातलं. आधी ब्लेडनं अस्तर उसवलं. माझी सगळी अब्रू अस्तराच्या आत होती: बकरम, खांद्याच्या गाद्या, मास्तरांच्या खडूच्या खुणा, कच्चे टाके. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला बटणं आहेत, पापण्या नाहीत. बाह्यांच्या शिवणी तिनं उलट्या करून बाहेर काढल्या. मग कॉलरपासून खालच्या चिरेपर्यंत कात्री सरळ गेली. पाठ दुभंगली आणि मास्तरांनी दुमडून ठेवलेलं कापड मोकळं झालं. ते पाहून ती थबकली. त्या कापडावर दोनदा हात फिरवला आणि मग पिना घेतल्या.

पिना तिच्या आईनं बांधून दिल्या होत्या, परदेशात मिळतात न मिळतात म्हणून. दोन अख्खे पुडे. त्यांनी माझी पाठ वरपासून खालपर्यंत जोडली, मधे मुकुलच्या पोटापुरती जागा सोडून.

"चौकडी त्यांच्या घरातली," ती स्वतःशीच पुटपुटली. "आपल्या घरातलं काय?" आणि तिनं ओटीतला खणाचा ब्लाउजपीस काढला. हे ब्लाउजपीस एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरतात, त्यांना कात्री कुणीच लावत नाही. आम्हा दोघांचं नशीब तसं सारखंच. तो माझ्या कॉलरवर आणि कोपरांवर बसला. शेवटी मास्तरांच्या लेबलाखाली तिनं लाल दोऱ्यानं बारीक अक्षरांत शिवलं: चैत्राली, बिशान. मला वाटलं, कशाला उगाच, आतलं कोण बघतंय.

मुकुल घरी आला, दोनदा माझ्याभोवती फिरला आणि मग त्यानं मला घातलं.

"बसतोय की," एवढंच म्हणाला. आरशासमोरून मात्र पाच मिनिटं हलला नाही.

फोटो एचआरच्या जोसेलिनकडे गेला. तिचं उत्तर आलं: "पिन्स ऑल क्लोज्ड? देन कॅन लाह." बंडखोरी मंजूर झाली.

शनिवारी चैत्रालीसह निघताना मुकुलनं मला पिशवीत घातलं आणि पाया लेबार भागातल्या हॉटेलात पोचल्यावर टॉयलेटमध्ये चढवलं. हॉलमध्ये एकोणचाळीस बंडखोर एकसारख्या जॅकेटमध्ये, गळ्यात नावाची कार्डं अडकवून, बुफेच्या रांगेत शिस्तीत उभे होते.

चारुदत्त सरांची बायको मधुवंती मॅडम लांबूनच माझ्याकडे बघत आल्या, मागोमाग सरही. त्यांना सिंगापुरात वीस वर्षं झाली आहेत आणि पर्सचं बूड बघून त्या ब्रँड सांगतात.

"मुकुल, अरे हे काय आहे? हे त्या बाकीच्यांसारखं नाही. कुठलं?"

चैत्राली दोन पावलांवर प्लेट घेऊन उभी होती. मुकुलनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"लंडनचा आहे," तो म्हणाला. "छोटा ब्रँड आहे एक."

मला घाम फुटला. फुटला त्याला, पण तो येतो माझ्यातच.

"वाटलंच मला. चारू, कट बघितलास? या शिवणी बघ बाहेर काढलेल्या, किती धीट काम आहे. आणि हे कॉलरचं कापड, काहीतरी युरोपातलं विणकाम असणार. आपल्याकडे कुणाची हिंमत आहे कोटाला कात्री लावायची? आमच्या रुचिरला घ्यायलाच हवा असा. थांब, नाव बघू." आणि त्यांनी माझी कड हक्कानं उलटली, चष्मा पुढे ओढला आणि मोठ्यानं वाचलं.

"अत्तार टेलर्स, सातारा."

मग सावकाश, "चैत्राली, बिशान."

"साताऱ्याला लंडनची शाखा निघाली का रे, मुकुल?" सर म्हणाले.

मुकुल हसला, पण आवाज आला नाही. चैत्रालीनं प्लेट खाली ठेवली.

"कोट साताऱ्याचा आहे," ती म्हणाली. "कापला मी. बिशानला."

"अय्या, तू?" मॅडमचा हात माझ्या कडेवरून निघाला. "घरी केलंस होय? छान आहे हो. हौस आहे तुला. मी म्हटलं खरंच काहीतरी आहे." त्या जायला वळल्या आणि पुन्हा मागे आल्या. "बाह्यांच्या शिवणी तेवढ्या आत घे गं. बाहेर आल्यात."

कोट तोच. शिवणी त्याच. मधे फक्त एक मिनिट गेलं होतं.

बक्षीस एकोणचाळीसपैकी एकाला मिळालं, फायनान्सच्या प्रमुखांना. आता ते तसं मिळणारच होतं.

परतताना मुकुलनं मला पिशवीत घातलं नाही. काढायचं विसरला असावा असं मला वाटलं, पण गाडीत बसल्यावर त्यानं कॉलर नीट केली, म्हणजे विसरला नव्हता. समोरच्या आजोबांनी त्याच्या पाठीच्या पिना पाहिल्या होत्या, ते उठून पलीकडे बसले. पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी घाबरलं.

दोन स्टेशनं गेली.

"लंडन का म्हणालो ते मलाच कळलं नाही," मुकुल म्हणाला.

"मला कळलं," चैत्राली म्हणाली. "लंडन म्हटलं की कट दिसतो. बायको म्हटलं की दोरे दिसतात."

आणखी एक स्टेशन गेलं.

"त्या नाटकवाल्या वर्कशॉपचं काय झालं?"

"मंगळवारी बोलावलंय. नग घेऊन."

"मग? जाणार आहेस?"

"बघू," चैत्राली म्हणाली.

रविवारी सकाळी सासूबाईंचा कॉल आला. मी खुर्चीच्या पाठीवर होतो, फोनला न दिसेल असा. चैत्राली चहा गाळत होती आणि ऐकत होती. मुकुल काय सांगेल ते तिनं आधीच ठरवून ठेवलं असावं. मीही ठेवलं होतं: ड्रायक्लीनला दिलाय.

"कोटाला ऊन दाखवलंस का?" सासूबाईंनी विचारलं.

मुकुल उठला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर त्यानं मला चढवलं, फोन टेकवून ठेवला आणि फोनकडे पाठ करून उभा राहिला.

पुण्यात सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"फाटला?"

"कापलाय, आई."

"व्याह्यांनी दिलेला कोट. कुणी सांगितलं कापायला?"

"मी सांगितलं," मुकुल पटकन म्हणाला. गाळणीतून चहा पडायचा थांबला. मुकुलनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "नाही. मी सांगितलं नव्हतं. मी नुसतं बघू म्हणालो होतो. चैत्रालीनं केलाय. तिचं काम आहे हे, ती शिकलीये ते. नाव आत घातलंय तिनं, थांब दाखवतो." आणि त्यानं माझी कड उलटून फोनसमोर धरली.

सासूबाईंनी वाचलं. "तिचे वडील काय म्हणतील?"

"मास्तरांनी मागे एवढं कापड सोडलं होतं ते त्यांच्याच सांगण्यावरून," चैत्राली स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेच वापरलंय."

"मग डिसेंबरात सारंगच्या लग्नात काय घालणार?"

"हाच," मुकुल म्हणाला.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "निदान पिना स्टीलच्या आहेत ना? गंजल्या तर शर्टाला डाग पडतील." हा विरोध होता की संमती, ते मला अजून कळलेलं नाही.

तर आज मंगळवार. सकाळी ऑफिसला निघताना मुकुल दारातून मागे आला आणि म्हणाला, "कोट चुरगळू नको देऊस." मग स्वतःच म्हणाला, "चुरगळला तरी चालेल म्हणा." निळी फाइल माझ्या अंगाखाली आहे. तिकडे मला कुणी काय म्हणेल ते माहीत नाही. घेतील किंवा हौस आहे म्हणून परत पाठवतील. पण ते माझी कड उलटून बघतील हे नक्की, कारण तशी अटच आहे.

तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊ असेल, प्लास्टिकमध्ये गुदमरत. त्याला कापाच असं मी म्हणणार नाही, सगळ्यांच्या घरी चैत्राली नसते. एवढंच करा. कुणाच्या अंगावरचं काही आवडलं तर कोणी केलं ते विचारा. आणि उत्तर लंडन असं आलं, तर दोन पावलांवर प्लेट घेऊन कुणी उभं आहे का, तेवढं बघा.

गाडी थांबली. चैत्राली उठली. तिनं मला पिशवीतून बाहेर काढलं आहे आणि स्वतःच्या अंगात घातलं आहे. बाह्या तिला लांब होतात. तिनं त्या दुमडल्या, उलट्या शिवणी वर ठेवून.