कोरडा खड्डा

“आधी स्वतःला गप्प कर. मग कान टेकव. पाणी कुठं पळून जात नाही, तूच घाई करतोस.”

काम शिकवणाऱ्या वस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गुडघा रस्त्याला टेकला की त्यांचा हा आवाज हमखास कानाशी यायचा. आजही आला. पण गर्दीत मागच्या रांगेतून कुणी हाक मारावी आणि पुढची माणसं बोलायची थांबू नयेत, तसा आला.

नुकतं उजाडत होतं. गल्ली अजून उठली नव्हती. त्याने ऐकायची दांडी व्हॉल्व्हवर टेकवली. दांडी म्हणजे साधी लोखंडी सळई, छातीइतकी उंच, वरच्या टोकाला कानाएवढी लाकडी वाटी. सळईचं एक टोक जमिनीखालच्या पाइपाला टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा, बस. पाइप कुठे फुटला असेल तर वाटीत बारीक सूं ऐकू येतं. जसजसं जवळ जावं तसतसं ते मोठं होत जातं, आणि जिथे सगळ्यात मोठं तिथे खडूने फुली मारायची. मग त्याच्या हाताखालचा पहिलवान खोदतो, आणि पाणी लागतं. पाणीपुरवठा खात्यात आयुष्य गेलं त्याचं या एका कामात. लोक त्याला कानसाहेब म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा आदरच जास्त असे.

सूं होतंच. पण ते दांडी टेकवायच्या आधीही होतं, आणि घरून निघतानाही होतं. पावसाळ्यापासून ते थांबलंच नव्हतं. नको असलेला पाहुणा वळकटी घेऊन यावा आणि घरच्यासारखा पाय पसरून बसावा, तसं ते दोन्ही कानांत येऊन बसलं होतं.

त्याने श्वास धरला. बेकरीच्या पायरीसमोर त्याला वाटलं, इथे मोठं आहे. थोडं पुढे सरकला. इथेही मोठं. मागे आला. मनाशी म्हणाला, देवा, एवढ्या वेळी तरी. मग कान आणखी घट्ट दाबला, तसं ते एकदम चढलं. त्याने फुली मारली.

शिंपीमास्तर आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, बेकरीपासून चार घरं सोडून. त्याच्या भिंतीला ओल आली होती म्हणूनच ही सगळी धावपळ.

“सापडलं का हो, कानसाहेब?”

“सापडायला हवं,” तो म्हणाला.

एरवी तो नुसतं “हो” म्हणायचा. पण हे मास्तरच्या लक्षात आलं नाही.

*

कानातल्या आवाजाचं कारण शोधायचा प्रयत्न नवरा-बायकोने केला नव्हता असं नाही. उलट, घरात दुसरा विषयच उरला नव्हता.

आधी वाटलं मळ असेल. दवाखान्यात जाऊन कान धुऊन घेतले. धुतल्यावर ते जास्तच लख्ख ऐकू येऊ लागलं. मग दाढ काढली. ती तशीही किडलेली होती, एवढंच समाधान. मग शेजारणीने सांगितलं, मान आखडली की असं होतं, म्हणून उशी काढून टाकली. महिनाभर मान तेवढी दुखली. तापात घेतलेल्या गोळ्या आठवून झाल्या. तरुणपणी पंपघरात काढलेली वर्षं आठवून झाली. तिथे मोटारींच्या घरघरीत माणसं हातवारे करून बोलत. तो म्हणे पंपघर, बायको म्हणे गोळ्या. मोठ्या पाइपाचा जोड एकदा त्याच्या तोंडासमोर उडाला होता, तेही निघालं. पण त्याला तर किती वर्षं झाली. इतकी वर्षं गप्प बसलेलं दुखणं आत्ताच का बोलायला लागावं?

बायको देवभोळी नव्हती, देवाची होती. रोज सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय ती कुणाशी अक्षर बोलत नसे, मग दारात कुणी का येईना. कुठल्याशा डॉक्टरांनी “मीठ कमी करून बघा” म्हटलं, तेव्हा तिने त्याचं मीठ कमी केलं आणि स्वतःचं बंद केलं. तेही त्याला आठवड्याने कळलं, आपल्या ताटात चुकून तिची भाजी आली तेव्हा.

“अगं, हे काय खातेस तू?”

“तुमचा कान शांत होईपर्यंत सोडलंय. देवाला शब्द दिलाय.”

“कान माझा, आणि उपास तुझा?”

“मग कान मला देता?” ती म्हणाली आणि त्याच्या पानात वाढू लागली.

शेवटी मोठ्या दवाखान्यात कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते टोपीसारखं यंत्र घातलं, आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिला. तपासणारी मुलगी दार उघडून आत आली आणि हळूच म्हणाली, “काका, मी अजून आवाज सोडलाच नाहीये.”

डॉक्टर भला माणूस होता. त्याने चित्र काढून समजावलं. कानाच्या आत गवतासारखे बारीक तंतू असतात, ते झडले की पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदू आपलाच आवाज लावून बसतो.

“कशाने झडले?”

“सांगता येत नाही. मोटारींनी असेल, वयाने असेल. काही वेळा कारण सापडतच नाही.”

“आणि थांबणार कधी?”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “सवय करून घ्या. बरेच लोक करून घेतात.”

बायको बाहेर बाकावर बसली होती. तिने मान वर करून पाहिलं. तो म्हणाला, “औषध दिलंय. पडेल हळूहळू फरक.” तिने डोळे मिटून हात जोडले. ते पाहून त्याला खरं सांगावंसं वाटलं, पण तोंडून निघालेलं परत गिळता येत नाही.

त्यानंतर त्याला एक नवीच खोड लागली. न्हाणीघरात जाऊन नळ बारीक सोडायचा आणि बादलीजवळ बसून राहायचं. पडत्या पाण्याच्या आवाजात आतला आवाज थोडा बुडायचा. जन्मभर लोकांच्या गळत्या बंद करणारा माणूस, आणि आता चोरासारखा स्वतःच्या घरात नळ सोडून बसलेला. तिथेच एकदा त्याला वस्ताद आठवले. म्हातारपणी तेही नळ उघडे ठेवायचे. सून ओरडायची, सगळे म्हणायचे, वस्तादांना भ्रम झालाय. तोही म्हणाला होता. कुणी विचारलं मात्र नव्हतं त्यांना.

*

बेकरीसमोरचा खड्डा कमरेइतका झाला आणि पहिलवान थांबला. पहिलवान म्हणजे अंगाने काडी, पण खोदायला लागला की मशीन. त्याने मूठभर माती उचलून पिळली.

“कानभाऊ, ही तर पिठासारखी कोरडी. बेकरीवाल्याला विकू का?”

पाइप उघडा पडला होता. धडधाकट, घाम आल्याचीही खूण नाही.

“जरा अलीकडे घे,” तो म्हणाला.

अलीकडे घेतलं. तिथेही कोरडं. तोवर गल्ली जागी झाली होती, लोक खड्ड्याभोवती जमून सल्ले देत होते. बेकरीवाला पायरीवर उभा राहून, आता गिऱ्हाईक उडी मारून आत येणार का, असं सगळ्यांना विचारत होता. पहिलवानाने फावडं टेकवून फक्त एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं कानसाहेबाला थट्टेपेक्षा जड गेलं.

इंजिनिअर मॅडम आल्या. तरुण होत्या, पण माणसाला मान देऊन बोलणाऱ्या. दोन्ही खड्डे बघितले.

“जुनी लाइन आहे काका, आवाज फसवतो कधीकधी. तुम्ही पुन्हा एकदा ऐका. तुम्ही म्हणाल तिथे तिसरा घेऊ.”

दांडी त्याच्या हातातच होती. तिसरीही फुली मारता आली असती. सगळे वाट बघत होते, आणि कानातला आवाज आपला चालूच होता, सूं, सूं, खड्ड्याशी त्याचं काही देणंघेणं नसल्यासारखा.

“मॅडम, खड्ड्याची चूक नाही,” तो म्हणाला. “पाइपाचीही नाही. माझ्या कानात आवाज बसलाय. बाहेरचा कुठला आणि आतला कुठला, मला आता कळत नाही.”

बेकरीवाला पायरी उतरून खाली आला.

“कधीपासून?” मॅडमनी विचारलं.

“पावसाळ्यापासून.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत.”

“थांबेल वाटलं होतं.”

मॅडम खड्ड्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “गळती शोधायचं यंत्र मागवलंय, पण यायला पुढचा महिना. दुसऱ्या विभागाचा ऐकणारा माणूस रजेवर आहे. अख्खी गल्ली तर मी खोदू शकत नाही ना, काका. सध्या खड्डे बुजवू.” मग पहिलवानाला म्हणाल्या, “यांना घरी सोडून ये. नीट.”

‘नीट’ हा शब्द म्हाताऱ्या माणसासाठी वापरतात, हे त्याच्या ध्यानात आलं.

मास्तरने त्याला वाटेत गाठलं. हातात मोजपट्टी तशीच लोंबत होती.

“म्हणजे आता माझी भिंत कोण ऐकणार? आत येऊन बघा तरी.”

आत कापडाचे तागे फळीवर चढवले होते. मागच्या खोलीत मास्तरची आई खाटेवर होती. तिला उठता येत नसे. तिच्या डोक्यापाशीच भिंत फुगून आली होती आणि पोपडे उशीवर पडत होते.

“खाट हलव की रे.”

“कुठे हलवू? दारातून बाहेर निघत नाही, आणि पलीकडे मशीन. भिंत खाली आली तर काय करू, तेवढं सांगा.”

म्हातारी खाटेवरून म्हणाली, “हेच का ते कानवाले? मला तर सगळी रात्र पाणी ऐकू येतं. पण माझं कोण विचारतंय. म्हणतात, म्हातारीच्या कानात वाजतं.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मास्तरला म्हणाला, “उद्या उजाडायच्या आत येतो.”

“येऊन काय करणार तुम्ही? आत्ताच तर सगळ्यांसमोर म्हणालात.”

“ज्याला ऐकू येतं असं कुणाला तरी घेऊन येतो. शब्द देतो.”

कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

*

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. खड्डे सांगितले, मॅडम सांगितल्या. मग दवाखान्यातलंही सांगितलं. बाकावर बोललो ते खोटं होतं, हे थांबणार नाही, डॉक्टरांनी तेव्हाच हात टेकले होते.

ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू झाले.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “औषध असतं तर बाटली दिसली असती घरात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

“आता तरी मीठ खा. कान शांत होईपर्यंत म्हणालीस. तो होणार नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“शब्द डॉक्टरांना दिलेला नाही,” ती शांतपणे म्हणाली.

हा आवाज बंद करणं त्याच्या हातात नव्हतं, आणि हिला त्या शब्दातून सोडवणंही नव्हतं. जन्मभर आळणी जेवेल ही, आणि तक्रारीचा एक शब्द काढणार नाही. तो उठून न्हाणीघराकडे निघाला.

“नळ सोडायला चाललात ना? सोडा. मी बादलीतल्या पाण्याने भांडी घासते रोज, वाया जात नाही.”

तो दारातच थांबला. म्हणजे तेही हिला ठाऊक होतं. परत आला, कोपऱ्यातली दांडी उचलली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, तिचं टोक भिंतीतल्या पाइपाला टेकवून वाटी तिच्यापुढे धरली.

“कान लाव.”

“मी? माझे हात ओले आहेत.”

“कानाने ऐकायचंय. लाव. श्वास धर.”

तिने पदराला हात पुसले आणि कान लावला. डोळे आपोआप मिटले, प्रार्थनेला मिटत तसे. बराच वेळ तशीच उभी राहिली.

“वरच्यांनी नळ सोडलाय,” ती हळूच म्हणाली. “बारीक आहे. आता बंद केला. पण अजून कुठेतरी थेंब थेंब पडतंय. डावीकडे.”

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तिच्यासाठी दांडीच्या पलीकडच्या टोकाला नळ होता, थेंब होता, डावी बाजू होती, उजवी होती. त्याने स्वतः कान लावला नाही. लावून काय ऐकू येईल, ते त्याला माहीत होतं.

“उद्या पहाटे माझ्याबरोबर येशील? मास्तरची आई भिंतीखाली झोपलीय.”

“प्रार्थना आटपून येते. लवकर उठेन.”

*

अंधार फिकट होत होता. प्रार्थना संपवून ती बाहेर आली, पायात चपला सरकवल्या. त्याने दांडी खांद्यावर टाकायला उचलली, थांबला, आणि तिच्या हातात दिली. ती जड होती. तिने एकदा पेलून पाहिली आणि दोन्ही हातांनी धरली.

“काही चुकलं तर?” तिने विचारलं.

“चुकलं तर पुन्हा ऐक. फुली मी मारतो. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.”

त्याने दाराला कडी घातली. रस्त्यावर कुणी नव्हतं. ती दोन पावलं चालून त्याच्यासाठी थांबली.

“कुठल्या कानाने बरं ऐकू येतं तुम्हाला? त्या बाजूने चालते, म्हणजे मला मोठ्याने बोलावं लागणार नाही.”

“कुठल्याही बाजूने चाल,” तो म्हणाला. “दोन्हीकडे सारखंच आहे.”

ती त्याच्या बरोबरीने चालू लागली आणि दोघं मास्तरच्या गल्लीकडे वळली.