मी युरियाची वाटी

मी एक चिनी मातीची वाटी. दिसायला सुबक, पण माझ्यातून कधी कोणी कढी प्यायली नाही. नागपूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माझं तारुण्य बर्नरवर गेलं.

मधुकरराव तिथे शिकवायचे. दर वर्षी ते दोन साधे क्षार पाण्यात विरघळवून माझ्यात आटवत. तळाशी पांढऱ्या सुया जमल्या की मला मुलांपुढे उंच धरत.

"विद्वान म्हणत, सजीवाच्या शरीरातला पदार्थ प्राणशक्तीवाचून बनतच नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मनानं हा युरिया बनवला. मूत्रातलाच पदार्थ, पण ना मूत्रपिंड, ना प्राण. सजीव-निर्जीवाच्या भिंतीला पहिली चीर पडली."

मी फुगून जायचे. वाटीला एवढा गर्व बरा नव्हे.

पुढे काठाचा टवका उडाला आणि मी मोडीत निघाले. मधुकररावांनी मला सक्करदऱ्याच्या घरी आणलं. त्यांच्या पत्नीनं, गोपिकाबाईंनी, माझ्यात देवापुढच्या वाती ठेवल्या. ते नुसते हसले.

अठ्ठ्याहत्तर साली गोपिकाबाईंचे पाय सुजले. मूत्रपिंडं निकामी झाली, रक्तात युरिया साठतोय, असं म्हणून डॉक्टरांनी हात टेकले.

"तुमी या वाटीत बनवत होते, तेच ना?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"तेच."

"बनवता येते, तं अंगातून काढता काहून येत नाही?"

मधुकरराव त्यांचे सुजलेले पाय चेपू लागले. मला माझीच लाज वाटली.

पोळ्यानंतर त्या गेल्या. मधुकररावांच्या बहिणीनं, प्रयागबाईंनी, खाटेच्या जागी दिवा लावला, माझ्यात पीठ सपाट करून वर टोपली झाकली. जीव कोणत्या जन्माला गेला, त्याची खूण पिठात उमटते म्हणतात. आईच्या वेळी मधुकररावांनी याच रिवाजाची टिंगल केली होती.

सकाळी टोपली उचलली, तेव्हा सगळ्यांआधी तेच वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. पीठ होतं तसंच होतं.

"काही नाही, दादा," प्रयागबाई म्हणाल्या.

"झाक वं पुन्हा. आजचा दिवस राहू दे."

त्याला आता वर्ष झालं. मी फडताळात आहे, पीठही माझ्यात तसंच आहे. त्याला जाळी लागली, बारीक किडे झाले. हे जीव कुठून आले, ते मधुकररावांना चांगलं ठाऊक आहे. तरी रोज ते फडताळ उघडतात आणि किड्यांनी ओढलेल्या रेघा बघत उभे राहतात.

घरच्या बायांनो, मला घासायला नेऊ नका. त्यांचं बघून झालेलं नाही.