कोट चुरगळू नकोस

मी कपाट बोलतोय. हसू नका, कपाटालाही तोंड असतं. माझं तर उजवं दार उघडलं की कुरकुरतंच. सुताराने मला याच खोलीत जोडलं. "दारातून बाहेर निघणार नाही हं," तो म्हणाला होता. "निघायचंय कुणाला?" म्हणत बाबा हसले होते.

बाबा रेल्वेत गार्ड. त्यांचे पाच जाड लोकरी कोट माझ्यात असत. बाबा गेले, कोट राहिले. आई दर रविवारी त्यांना ब्रश करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मी आपला उबेत डुलक्या काढायचो. स्वप्नात लांबून शिट्टी ऐकू यायची.

लेक रॅप करायची, घरच्या बोलीत. गाण्यांच्या मोठ्या कंपनीचे साहेब म्हणाले, "भाषा बदल, मग बघू." ती तणतणत घरी आली. "नाही बदलत जा! माझी गाण्यांची कंपनी, माझं लेबल, मीच काढते."

पण स्टुडिओ कुठून आणणार? तिचा मामेभाऊ घरभर टाळ्या वाजवत फिरला. न्हाणीघरात टाळी घुमली, जिन्यातही घुमली. माझ्यात मात्र विरून गेली. "इथंच! कोट आवाज गिळतात," तो ओरडला.

आई दुपारची आडवी झाली की लेक माझ्यात उभी राहायची. त्या दिवशी चौथ्यांदा म्हणताना तिने अंधारात बाबांची बाही धरली, आणि शब्द असे सुटले की मला वाटलं, गाडीच निघाली. तेवढ्यात कुर्रर्र!

"अगं ए, बाबांचा कोट चुरगळू नकोस!"

सगळं रेकॉर्ड झालं. मामेभावाने कपाळावर हात मारला. "गेलं मुसळ केरात!" नंतर अकरा वेळा प्रयत्न झाले, पण ती गंमत पुन्हा आली नाही. शेवटी लेक म्हणाली, "राहू दे. तीही घरचीच बोली आहे."

आणि काय सांगू, तेच गाणं गाजलं! लेबलचं नाव पडलं 'कपाट'. मग नर्स आली, ट्रकवाला आला, मिशाळ न्हावी आला, आपापल्या गावची बोली घेऊन. सगळे त्या कोटांत उभे राहिले, आणि प्रत्येक गाण्याची सुरुवात माझ्या कुरकुरीने. भाजीवाली आईला चिडवायची, "कोट चुरगळू नकोस!" आई लटकंच रागवायची.

यथावकाश मोठा स्टुडिओ झाला. महागडा माइक, भिंतींना आवाज गिळणारा फोम, सगळं सामान तिकडे हललं. पण तिथे लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. पुढचं गाणं अडलं, तिच्या मागे रांगेत असलेले सगळे गाणारे अडले. मला न्यायला चौघे आले, पण सुताराचं म्हणणं खरं ठरलं. लेक आईसमोर येऊन उभी राहिली. मागायचं काय ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

आईने मला उघडलं. एकेक कोट स्वतः उतरवला. शेवटच्याची कॉलर नाकाशी धरली.

"ने."

"आई, चुरगळतील गं."

"चुरगळू देत. तुझ्या बाबांना माणसं आवडायची."

आता मी रिकामा आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण रोज दुपारी आई येते, माझं उजवं दार उघडते, आत काही नसतं तरी क्षणभर थांबते, ऐकते आणि मग दार लावते. शेजारचे काका परवा तेलाची बुधली घेऊन आले होते. त्यांना कुणीतरी सांगा हो, हात जोडतो, माझ्या बिजागरीला तेल घालू नका.