चाळण, कुंचले आणि नखाचे खापर

मित्रांनो, लांबून मी मोडक्या खिडकीसारखी दिसते, म्हणून जरा जवळ या. मी एक जुनी चाळण आहे. पिठाची नव्हे, माती चाळायची. फिजीच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांजवळच्या एका शाळेच्या पडवीत मी राहते.

माझी चौकट गावच्या सुताराने केली. टेकड्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीचे उत्खनन चालू होते, तेव्हा माझा काय थाट होता! माशांचे काटे, शिंपल्यांचे मणी, नक्षीची खापरे, सगळे माझ्याच जाळीवर उतरायचे. उत्खनन संपले आणि मी शाळेला मिळाले. आपिसाई मास्तर दरवर्षी अंगणात फुटकी मडकी पुरून मुलांकडून लुटुपुटीचे उत्खनन करून घेत. तेव्हाही मला धरायला मुलांची भांडणे होत.

मग माती झाडायला लाल दांड्यांचे कुंचले आले. मऊ केसांचे, देखणे. मुले त्यांच्यावर तुटून पडली, फोटोतही तेच. मला उलटी टाकून कोणीतरी माझ्यावर मासे वाळत घातले. जळफळाट म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

त्या वर्षी पुरलेले मडके साधेसुधे नव्हते. उनाइसी नावाच्या मुलीची आई, ताराइविनी, मडकी घडवते. तिच्या आईच्या हातचे शेवटचे मडके वादळात फुटले होते. मुले ते शोधून जोडतील, असे म्हणत मास्तरांनी खापरे मागितली. पोरे काहीतरी हरवतील या धास्तीने ती आधी तयारच होईना. शेवटी काठाचे एक खापर हातात धरून म्हणाली, "मास्तर, यावर आईच्या नखाची खूण आहे. मडकं नाही जुळलं तरी चालेल. हे मात्र मला परत पाहिजे."

मुले कुंचल्यांनी दिसेल तेवढेच झाडत बसली. ढेकळे न फोडताच उकरलेल्या मातीच्या ढिगावर गेली. मडके जुळत आले आणि काठाला नेमकी त्याच खापराची खाच उरली. मी मनात म्हटले, विचारा आता तुमच्या लाल दांड्यांना.

ताराइविनी ढीग चाळायला धावली, तर ढीगच नव्हता. शाळेच्या जेवणासाठी लोवो लावला होता: खड्ड्यात तापलेले दगड, त्यांवर पानांत बांधलेले डालोचे कंद आणि मासे, वर पोती, आणि वाफ कोंडायला माती. ती माती याच ढिगाची!

"वाइसाके, अख्ख्या गावात तुला हीच माती दिसली?" तिने दिराला विचारले.

"आयती भुसभुशीत होती वहिनी. तुमच्याच पोरांनी खणून ठेवलेली."

लोवो अर्ध्यात उघडला असता तर सगळ्यांचे जेवण कच्चे राहिले असते. ती थांबली. सगळे जेवले, ती नुसती घास चिवडत बसली. पोती ओढताना बरीच माती दगडांत घसरली होती. उनाइसी कुंचला घेऊन खड्ड्याकडे निघाली. आईने तिला दंडाला धरून मागे खेचले, तोवर कुंचल्याचे केस करपलेही होते. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

"चाळण आणा," मास्तर म्हणाले.

माती निवेपर्यंत ताराइविनीने कोणाला हात लावू दिला नाही. मग एका बाजूने वाइसाके, दुसऱ्या बाजूने उनाइसी. राख गळाली, कोळसे उरले, करपलेली पाने उरली. आणि शेवटच्या घमेल्यात ते खडखडले. एक बाजू काळवंडलेली, पण नखाची खूण शाबूत. ताराइविनी तिथेच मातीत बसली.

शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी ते खापर काठाला बसवून मडके पांढऱ्या कापडावर ठेवले, शेजारी कुंचले मांडले. मी दाराशी, भिंतीला टेकून. पण खरे सांगते, त्या दिवशी कुंचल्यांचा हेवा वाटलाच नाही. वाटला तो त्या काळ्या खापराचा. ताराइविनी पुन्हा पुन्हा यायची, आईच्या खुणेवर आपले नख टेकवून उभी राहायची. इतकी वर्षे मला हजार हातांनी धरले, हलवले, आपटले; असा हात कोणी लावला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कामापुरती उचलायची आणि काम झाले की टाकायची एखादी वस्तू असेल. तिला धुऊन, पुसून जागेवर ठेवा. आणि ठेवताना क्षणभर तिच्यावरून हात फिरवा. तेवढ्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे भिंतीला टेकून उभ्या असतो.