चारचौघांतलं ओवाळणं

हंबीररावांनी जी जी निवडणूक लढवली, तिला निघताना थोरल्या बहिणीनं, साळूबाईनं, त्यांना ओवाळलं होतं. गावची सोसायटी झाली, पंचायत समिती झाली, दर खेपेला गुलाल अंगावर पडला. आक्काच्या हाताला यश आहे, असं ते स्वतःच सांगत सुटायचे. प्रचाराचा नारळ म्हसवडला सिद्धनाथापुढं फुटायचा, पण त्याआधी आक्काचं ताट. तिचं सासर पलीकडच्याच गावात, निरोप गेला की ती हजर.

एकाहत्तरच्या लढाईत साळूबाईचा नवरा, हवालदार कृष्णात, कामी आला. पाठोपाठ विधानसभा लागली आणि हंबीररावांना तिकीट मिळालं. अर्ज भरायला निघायच्या सकाळी साळूबाई सवयीनं ताट घेऊन सोप्यात आली. भावकीतली जाणती माणसं उगीच खाकरली. यंदा मनूच्या हातनं होऊ दे, असं हंबीरराव दुसरीकडं बघत म्हणाले. मनुबाई म्हणजे त्यांची बायको. साळूबाईनं ताट भावजयीच्या हातात दिलं आणि ती आत गेली.

एवढ्यावर भागलं असतं, तर जुनी रीत म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच संध्याकाळी तिला स्टेजवर बसवलं. घरात जे कपाळ नकोसं झालं, तेच कपाळ गावोगाव नेऊन दाखवलं. हिचं कुंकू देशासाठी गेलं, असं हंबीरराव भोंग्यावरून सांगायचे आणि बायाबापड्या डोळ्याला पदर लावायच्या. मतांचा ढीग पडला. विजयाची मिरवणूक दारात आली तेव्हा मनुबाईनं ओवाळलं. साळूबाई आत पावण्यांचा चहा गाळत होती. याची लाज कुणालाच वाटली नाही, हंबीररावांना तर मुळीच नाही.

अठ्ठ्याहत्तरला मात्र वारं फिरलं. दुष्काळात तोंड दाखवलं नाही, असं लोक आमदाराच्या तोंडावर बोलायला लागले. सांगलीचे जवाहर वकील त्यांचा प्रचार सांभाळायचे. माणूस हुशार. पहिल्याच सभेत विधवा बहिणीच्या हातून, भर स्टेजवर ओवाळून घ्या, सुधारक म्हणून नाव होईल, पेपरात फोटो येईल, असा तोडगा त्यांनी काढला. हंबीररावांना तो फार आवडला. सभेच्या आदल्या दिवशी जीप काढून ते एकटेच बहिणीकडं गेले.

साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून तिनं निरांजन लावलं, ताटात कुंकू आणि तांदूळ ठेवले.

"सभेत ववाळते," ती म्हणाली. "पन आदी हितं ववाळू दे. कुनी बघत न्हाई तवर."

हंबीररावांची मान आपोआप मागं गेली. उद्या नारळ फुटायचा, आणि आज हिच्या बोटानं कुंकू? सभेत त्याची मतं होणार होती. इथं नुसताच अपशकुन.

"आज अवस हाय आक्का," ते म्हणाले.

"अवस परवा झाली. अवसंचं औत धरत न्हाईत, परवा बैलं सोडूनच ठिवली हुती आमी."

हंबीररावांचं खोटं उघडं पडलं. आपण काय आहोत ते बहिणीला सहा वर्षांपूर्वीच कळलं होतं, तरी ती प्रत्येक स्टेजवर येऊन बसली होती. ते ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पुटपुटले, "ववाळ आक्का."

साळूबाईनं ताट देवापुढं सरकवलं.

"ऱ्हाऊ दे आता. तू जा. सभेला येते म्या, न्हाईतर पडशील."

ती आली. माणसांनी मैदान भरलं होतं. तिनं भावाला कुंकू लावलं, तांदूळ टाकले, ओवाळलं, आणि टाळ्या थांबेनात. हंबीररावांना लाजेनं तिच्याकडं बघवेना. ते मान खाली घालून उभे राहिले आणि तसाच त्यांचा फोटो पेपरात छापून आला. जवाहर वकील खूश झाले. आमदार असून थोरल्या बहिणीपुढं केवढा नम्र, असं पार खंडाळ्यापर्यंत लोक बोलत होते. त्या नम्रपणावरच हंबीरराव दुसऱ्यांदा निवडून आले.