उकळलेलं पाणी

बाबांच्या पाण्यानं खारट मातीत टोमॅटोची रोपं तरारली आणि त्यांच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबा घागरीत हात बुडवून गढूळ पाणी वाटत होते. "मातीला मीठ मारत नाही, संशय मारतो. संशय सोडा, रोप धरेल."

पुढच्या रांगेत रोपवाटिकावाल्या काकू होत्या. गळा गोड, देवाची गाणी त्याच उचलायच्या. पण करपली ती नेमकी त्यांचीच रोपं.

बाबांनी भर मंडपात बोट दाखवलं, "हिच्या घरात संशयी माणूस आहे."

माना वळल्या. काकूंची सून माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्याच संध्याकाळी काकू तिला म्हणाल्या, "तू जरा आईकडे जाऊन राहा." सुनेनं पिशवी भरली नि गेली.

रोपं पुन्हा करपली. सून राहिलेले कपडे न्यायला आली, तेव्हा काकू फडक्यातून बाबांचं पाणी गाळून चुलीवर चढवत होत्या.

"आई, हे नेहमी उकळता?"

"मग? देवाच्या कामाचं पाणी. सगळ्यांसारखी मी गबाळी नाही."

सुनेनं फडकं उजेडात धरलं. त्यात चिखल होता आणि खाडीकाठच्या झुडपांची बारीक मुळं. तिनं खारट मातीत रोपांचे तीन ट्रे लावले. एकाला काकूंचं उकळलेलं पाणी, एकाला शेजारणीकडचं न उकळलेलं, एकाला तिनं स्वतः खाडीवरून आणलेल्या चिखलाचं. पहिला करपला, बाकीचे दोन हिरवे राहिले.

ते तिन्ही ट्रे काकूंनी स्वतः मंडपात आणून ठेवले.

"घागरीत खाडीचा चिखल असतो," सून म्हणाली. "त्यातले जिवाणू मिठात तगतात, मुळांना वाढीची संप्रेरकं पुरवतात. उकळलं की मरतात."

"पाखंड," बाबा म्हणाले, पण घागर मागे सरकवली.

"तिसऱ्या ट्रेला तुमचा हात लागलेला नाही, बाबा," काकू म्हणाल्या. पुढचं बोलताना त्यांची मान वर होईना. "जिवाणू मी मारले, आणि घराबाहेर काढलं हिला. तेही गाणाऱ्या तोंडानं. घरी येशील का गं?"

"येते. पण चहाशिवाय काही उकळायचं नाही."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "काकू, आता गाणं?"

"गाईन की, देवाचंच. चुलीवर ठेवल्यानं जो मरतो तो देव नव्हे, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तुम्हीही घरी एक रोप बाबांच्या पाण्याशिवाय लावून बघा. मग काय मानायचं ते माना."